पेरूचा पाला

प्रोफेसर एसिल्फींचा घसा बसला आहे हे कळल्यावर अराबाला बरे वाटले. चांगल्या डॉक्टरला असे वाटू नये, पण वाटले, आणि तिने ते स्वतःपासून लपवलेही नाही. सोमवारच्या ओपीडीत ते तिच्यासमोरच्या खुर्चीत बसून बोलायला धडपडत होते. ज्या आवाजाला आख्खे इस्पितळ टरकून असायचे, त्याच्या जागी नुसती खरखर ऐकू येत होती.

"शनिवारी माझं भाषण आहे, अराबा," ते म्हणाले. "नव्या सभागृहाला माझं नाव देतायत. तोपर्यंत आवाज आण. इंजेक्शन दे, काहीही दे."

"मी रक्ताची डॉक्टर, प्रोफ. घशाचे डॉक्टर पलीकडच्या इमारतीत बसतात."

"तो गाढव मला गप्प बसायला सांगतोय. आणि तुझ्या लॅबमधल्या पोरींनी माझा रिपोर्ट अडवून ठेवलाय. म्हणे, डॉक्टर अराबा क्वेसननी बघितल्याशिवाय देणार नाही. ही लॅब उभी कोणी केली, ते विचार त्यांना."

रिपोर्ट अराबासमोरच होता. प्रोफेसर खुर्चीत टेकण्याआधीच तिने तो वाचला होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी ज्या जंतूंशी लढतात, त्या उरल्या होत्या सहाशे. लॅबमधल्या मुलीने आकड्याभोवती लाल गोल काढला होता.

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

प्रोफेसरांनी आधी दाराकडे पाहिले. "थायरॉइड जरा उधळलाय. कार्बिमाझोल घेतोय, दीड-दोन महिने झाले असतील. मीच सुरू केलंय. कुठे बोलू नकोस."

यात नवल काही नव्हते. त्या इस्पितळात डॉक्टर जेवढा मोठा, तेवढा तो दुसऱ्या डॉक्टरपुढे जीभ बाहेर काढायला लाजायचा. स्वतःच निदान करायचे, स्वतःच औषध लिहायचे, आणि बायकोला सांगायचे की जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत.

"ताप?"

"कणकण. समुद्राच्या वाऱ्यानेही येते." त्यांनी मान वाकडी करून तिच्या हातातला कागद वाचायचा प्रयत्न केला. "किती आहे?"

"सहाशे."

प्रोफेसर हसले. त्या घशातून हसू म्हणून जे आले ते खोकल्यासारखेच होते. "एवढ्यासाठी अडवला? जरा कमी आहे, पण काय बिघडलं? आपल्या लोकांत एवढंच असतं."

अराबाने कागद टेबलावर ठेवला. हे वाक्य तिने सात वर्षे उशाशी घेऊन झोप काढली होती, आणि आज बोलणाऱ्याने ते स्वतःहून तिच्या हातात आणून दिले होते.

या वाक्यावरच प्रोफेसर मोठे झाले होते. पूर्वी तिथले डॉक्टर गोऱ्यांच्या पुस्तकातले आकडे घेऊन बसायचे. किनाऱ्यावरच्या धडधाकट पोरांचे रक्त त्या आकड्यांत बसायचे नाही, मग 'रक्तात दोष' म्हणून त्यांना नोकरीवरून परत पाठवायचे. एसिल्फींनी हजार निरोगी माणसांचे रक्त तपासले आणि दाखवून दिले की आपल्याकडे कित्येकांच्या लढाऊ पेशी मुळातच हजार-बाराशे असतात, त्यांना काही होत नाही, चुकते ते पुस्तक. आणि ते बरोबर होते, हीच तर डोक्यात जाणारी गोष्ट. पण माणसाला एकदा एका वाक्याने टाळ्या मिळाल्या की तो ते वाक्य जिथे तिथे वापरायला लागतो.

एकोवर त्यांनी ते असेच वापरले होते. एको हा अराबाचा धाकटा भाऊ. त्याचा स्पीकरचा धंदा होता. अनोमाबो गावात कुणाचे बारसे असो की मयत, माइक एकोचा आणि आवाजही एकोचाच. एका वर्षी त्याचे हात थरथरायला लागले, डोळे बटबटीत झाले, ढीगभर खाऊनही अंगाला लागेना. प्रोफेसरांनी थायरॉइड ओळखला, गोळ्या दिल्या, आणि गुणही आला. मग त्याचा घसा धरला. आईने अंगणातल्या पेरूची पाने उकळून त्याला गुळण्या करायला दिल्या. गावात कुणाचाही घसा धरला की तो मान्साआंटीच्याच, म्हणजे अराबाच्या आईच्याच, दारात यायचा. या वेळी उतार पडेना, म्हणून आई त्याला इस्पितळात घेऊन गेली. रक्त तपासले. लढाऊ पेशी आठशे. प्रोफेसरांनी कागदावर नजर टाकली, म्हणाले, "आपल्या लोकांत एवढंच असतं. गोळ्या चालू ठेव, घरी जा."

एको आज्ञाधारक होता. तो गोळ्या घेत राहिला. तोंड आतून सोलवटले, ताप चढत गेला, आणि त्याला परत आणले तेव्हा त्याच्या रक्तात लढायला कुणी उरलेच नव्हते. तो गेल्यावर प्रोफेसरांनी आईला एकच प्रश्न विचारला होता, "घरी काय पाजलंत?"

"पेरूचा पाला, साहेब. गुळण्यांना."

"झालं तर. पाल्याने रक्त खाल्लं."

मयताच्या दिवशी घराण्याचे कर्ते, एग्या बॉचवे, माइकसमोर उभे राहिले आणि रीतीप्रमाणे मरणाचे कारण सांगितले. मोठ्या डॉक्टरांनी सांगितले आहे, आईच्या पाल्याने पोर गेले. स्पीकर एकोचेच होते, त्यामुळे अख्ख्या गावाला ऐकू गेले. त्यानंतर एग्यांनी पेरूचे झाड तोडायला लावले. आईच्या हातच्या केंकीला, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उकडलेल्या उंड्यांना, पहाटेपासून गिऱ्हाइके उभी असायची, ती दुसऱ्या गल्लीत जाऊ लागली. कुणी तोंडावर काही बोलले नाही. बोलले असते तर आई भांडली तरी असती.

अराबा तेव्हा कुमासीला डॉक्टरकी शिकत होती. पुढे परीक्षेसाठी वाचताना थायरॉइडच्या गोळ्यांचे पान आले. त्यात लिहिले होते की क्वचित कुणाला या गोळ्यांनी लढाऊ पेशी अचानक संपतात. घसा धरला, ताप आला तर गोळी लगेच बंद, रक्त लगेच तपासा. तिने पुस्तक मिटले आणि दोन दिवस तिला अन्न गेले नाही. इथे प्रोफेसरांच्याच हाताखाली पुढचे शिकायला आणि नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने एकोची गोळ्यांपूर्वीची तपासणी शोधून काढली. तेव्हा त्याच्या पेशी होत्या तीन हजार शंभर. 'आपल्या लोकांत' काय असते ते सोडा, एकोच्या अंगात काय होते ते कुणी मागे वळून पाहिलेच नव्हते. तिने ते आईला सांगितले. आई म्हणाली, "तू माझी मुलगी. तू असंच म्हणणार." खरे होते. गावाने प्रोफेसरांच्या तोंडून ऐकलेले, ते तिच्या तोंडून पुसले जाणार नव्हते.

आणि आता तेच प्रोफेसर, तीच गोळी, तोच घसा.

"काय गं, एवढा विचार कसला करतेस?" प्रोफेसर म्हणाले.

"काही नाही, प्रोफ." अराबाने त्यांच्या डोळ्यांत बघितले. "तुमचंच बरोबर. आपल्या लोकांत एवढंच असतं."

ते खूश झाले. उठताना तिचा खांदा थोपटून म्हणाले, "तू माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. शनिवारी पुढच्या रांगेत बस."

अराबा खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली ड्रायव्हर गाडीचे दार उघडून उभा होता. प्रोफेसर जिन्यावर भेटेल त्याच्याशी खरखरत बोलत सावकाश उतरत होते. तिला सगळे दिसत होते. आज जेवणानंतर ते गोळी घेतील, उद्याही घेतील, मग तोंड सोलवटेल. तिला उकळी फुटावी तसा आनंद होत होता. होऊ दे, ती मनात म्हणाली, त्याच्या आईलाही कळू दे. मग लक्षात आले की त्याची आई कधीच वारली आहे. आणि पाठोपाठ दुसरेही लक्षात आले. हा मेला तर बिशप येतील, बँड वाजेल, सभागृहावर नाव लागेल, आणि माइकसमोर कुणीतरी सांगेल की थोर माणूस गेला. तिच्या आईच्या नावावरचा पाला मात्र तसाच राहील, कारण तो काढू शकणारे एकच तोंड जमिनीखाली गेलेले असेल. मेला तर सुटला.

ती जिन्यावरून धावत उतरली. तिला धावताना पाहून रांगेतल्या बायका बाजूला झाल्या. त्यांना वाटले, कुणाचा तरी जीव वाचवायला चालली आहे.

गाडी चालू झाली होती. तिने काचेवर थाप मारली.

"उतरा, प्रोफ."

"आता काय?"

"हजार माणसांच्या तपासणीत पहिलं रक्त तुमचं होतं. दर वर्षी पहिल्या तासाला पोरांना सांगता. किती होता आकडा?"

प्रोफेसरांनी ड्रायव्हरला गाडी बंद करायला खुणावले.

"अठ्ठावीसशे," अराबा म्हणाली. "अठ्ठावीसशेचे सहाशे. आता सांगा, कोणाच्या लोकांत असतं?"

चाळीस वर्षे डॉक्टरकी केलेला माणूस त्यांच्यात कुठेतरी शिल्लक होता. तो त्या क्षणी जागा झाला, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून निमूटपणे तिच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा दोनशेवर आला होता. अराबाने त्यांना कोपऱ्यातल्या स्वतंत्र खोलीत ठेवले, भेटणाऱ्यांना बंदी केली, शिरेतून प्रतिजैविके सुरू केली, पांढऱ्या पेशी वाढवायचे इंजेक्शन शहरातून मागवून दिले. उपचारात तिने तसूभरही कसर ठेवली नाही. शनिवारचा समारंभ महिनाअखेरीस ढकलला गेला. आणि सकाळच्या फेरीला ती विद्यार्थ्यांना घेऊन, सगळ्यांच्या तोंडाला मास्क लावून, त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

पायथ्याशी उभे राहून रिपोर्ट वाचायला लावायची पद्धत प्रोफेसरांचीच. ज्याला वाचता आला नाही त्याला ते म्हणायचे, "जा, बाहेर नातेवाइकांत जाऊन बस." कित्येक डॉक्टर त्या बाकावर बसून रडले होते.

"एक माणूस," अराबाने सुरुवात केली. "वय तिशीच्या आत. थायरॉइडच्या गोळ्या चालू. घसा धरलाय, ताप आहे. लढाऊ पेशी आठशे. काय कराल?"

पलंगावरचा माणूस तिशीच्या आतला नव्हता, हे सगळ्यांना दिसत होते. पण विचारायची हिंमत कुणाला नव्हती. एका चुणचुणीत मुलाने हात वर केला. तो प्रोफेसरांच्या भाषणांच्या टिपणांवर पास झालेला असणार.

"आपल्या लोकांत एवढंच असतं, मॅडम. गोळ्या चालू ठेवायच्या. घरी पाठवायचं."

"छान. कोणी शिकवलं?"

मुलाने अभिमानाने पलंगाकडे पाहिले.

"प्रोफ," अराबा म्हणाली, "तुमचा विद्यार्थी म्हणतोय, घरी पाठवू. पाठवू?"

प्रोफेसरांनी नकारार्थी मान हलवली.

"मुलांना ऐकू आलं नाही."

"नाही," ते म्हणाले. एवढा एक शब्द काढताना त्यांना गळा धरावा लागला.

"का नाही?"

"आधीचा आकडा बघायचा."

"कोणाचा? आपल्या लोकांचा?"

"त्याच माणसाचा."

"त्या माणसाचा आधीचा आकडा एकतीसशे होता," अराबा म्हणाली. "फायलीत, एक पान मागे. नाव एको क्वेसन. त्याला घरी पाठवलं गेलं."

आडनाव ऐकून हाउस डॉक्टर मेबलने अराबाकडे चमकून पाहिले. प्रोफेसरांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना आठवत नव्हते. ते पाहून अराबाच्या अंगाचा जो तिळपापड झाला तो त्या वाक्यानेही झाला नव्हता. सात वर्षे तिने या माणसाला रोज शिव्या घातल्या होत्या, आणि त्याच्या लेखी एको कधी झालाच नव्हता.

"पेरूचा पाला," ती म्हणाली.

तेव्हा त्यांना आठवले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पुढचे दिवस अराबाने अगदी मन लावून सूड घेतला. रोज सकाळी रक्त जायचे, दुपारी आकडा यायचा, आणि ती खोलीत आली की प्रोफेसर पहिला प्रश्न तोच विचारायचे.

"आज किती?"

"आपल्या लोकांत असतं तेवढंच, प्रोफ."

बस. पुढे एक शब्द नाही. नाडी बघायची, घसा बघायचा, बाहेर पडायचे. आपल्या शरीरात काय चालले आहे हे न कळणे म्हणजे काय, हे ज्याने उभ्या जन्मात अनुभवले नव्हते, तो माणूस आता सलाइन बदलणाऱ्या मावशीलाही विचारायला लागला, "काही बोलतायत का माझ्याबद्दल?" ते आरशात तोंड उघडून बघत. केंकी आणि तळलेली मासळी आली तर गिळवत नसे. गिळवली तर ती शेवटची वाटे.

मेबलने एका दुपारी जेवताना विषय काढला. "डॉक्टर, आजचा आकडा नऊशे आहे. कालपासून वाढतोय. त्यांना सांगायला हवं."

"सांगेन."

"काल पण म्हणालात. म्हातारा रडत होता सकाळी."

"माझी आई सात वर्षं रडतेय. तिला कोणी सांगितलं?"

"तो तुमचा पेशंट आहे."

"म्हणून तर जिवंत आहे," अराबा म्हणाली. पण पुढचा घास तिला गोड लागला नाही. मेबलचे बरोबर होते, आणि हातातला सूड संपत आला की माणसाला खरे बोलणाऱ्याचा राग येतो. ती ताट सारून उठली आणि कोपऱ्यातल्या खोलीत गेली.

"नऊशे," ती म्हणाली. "दोनशेवरून. चार दिवसांत घरी जाल."

प्रोफेसर उशीला टेकून उठून बसले. मग विचारले, "तुला काय हवंय?"

"तुम्ही माझ्या आईला जे बोललात ते गावाने माइकवर ऐकलं. आता खरं काय ते घराण्यासमोर येऊन सांगा. रीतीने, माफीची जिनची बाटली घेऊन."

"आणि नाही आलो तर?"

"तर महिनाअखेरीस पुढच्या रांगेत बसेन. प्रश्नोत्तरं असतात ना शेवटी? मी दोन माणसांचे चार आकडे वाचून दाखवीन. तुमचं नाव कोरलेल्या भिंतीखाली."

प्रोफेसरांनी हिशेब केला. एकीकडे मंत्री, कुलगुरू, पत्रकार. दुसरीकडे खेड्यातले एक अंगण आणि पंधरा-वीस म्हाताऱ्या. त्यांच्या चेहऱ्यावर उघड दिसले की आपण स्वस्तात सुटलो असे त्यांना वाटले आहे.

"येईन," ते म्हणाले.

घरी गेल्यानंतरच्या शनिवारी ते आले. पांढरेशुभ्र कापड अंगाभोवती घेतलेले, मागे ड्रायव्हर, त्याच्या हातात जिनच्या दोन हिरव्या बाटल्या. अंगणात घराणे जमले होते. एग्या बॉचवे मधल्या खुर्चीत, दोन्ही बाजूंना म्हातारे, भिंतीला टेकून बायका. आई दाराच्या उंबऱ्यावर बसली होती, काळे नेसून, जणू मयत कालच झाले आहे. एका कोपऱ्यात पेरूचा बुंधा होता. तोडल्यावरही तो दर पावसात फुटायचा, आणि आई दर वेळी फांद्या वाढू द्यायची, पण पानाला हात लावायची नाही.

प्रोफेसरांनी चपला काढल्या, कापड खांद्यावरून खाली घेतले आणि उघड्या खांद्याने उभे राहिले. वडीलधाऱ्यांसमोर चूक कबूल करायला आलेला माणूस असाच उभा राहतो. हे त्यांनी लहानपणानंतर केलेले नसावे, कारण कापड दोनदा घसरले.

"काही औषधांचे," त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली, "क्वचित प्रसंगी, पूर्वकल्पना देता येणार नाहीत असे दुष्परिणाम..."

"आमच्या भाषेत," उंबऱ्यावरून आई म्हणाली.

प्रोफेसरांनी फांटीत पुन्हा सुरुवात केली. घसा अजून पुरता सुटला नव्हता. मागच्या म्हाताऱ्या कानाला हात लावून एकमेकींना विचारू लागल्या, काय म्हणतोय, काय म्हणतोय.

"ऐकू येत नाहीये," आई म्हणाली. "अराबा, आतले स्पीकर आण."

अराबाने आईकडे पाहिले. हे तिच्या बेतात नव्हते. एकोचे स्पीकर मागच्या खोलीत चादरीखाली होते. आई दर महिन्याला ते पुसते हे तिला माहीत होते, पण ते चालतात हे माहीत नव्हते. दोन चुलतभावांनी ते उचलून भिंतीवर ठेवले, तोंडे गल्लीकडे. माइक प्रोफेसरांच्या हातात आला तेव्हा त्यांनी अराबाकडे पाहिले. अंगण आपण समजलो तेवढे लहान नाही, हे त्यांना आता कळले होते.

"बोला," एग्या बॉचवे म्हणाले.

"एकोच्या रक्तातल्या पेशी माझ्या गोळीने मेल्या," ती खरखर गल्लीभर, मासळीबाजारापर्यंत आणि होड्यांपर्यंत गेली. "घसा धरला तेव्हाच गोळी थांबवायला हवी होती. त्याचा आधीचा कागद मी पाहिला नाही. त्याला मी घरी पाठवला. पेरूच्या पाल्याने काही झालं नाही. त्याच्या आईवर मी जे घातलं, ते माझं होतं."

बाहेर कुठेतरी रेडिओ वाजत होता, तो कुणीतरी बंद केला. भिंतीजवळच्या बायका आईकडे बघायचे टाळू लागल्या. सात वर्षे ज्यांनी दुसऱ्या गल्लीतून केंकी आणली होती, त्यांना आता पायाखालची जमीन बघायचे काम लागले.

एग्या बॉचवे खाकरले. "मान्सा, पाहुण्याने बाटल्या आणल्यात. त्याने कबूल केलंय. स्वीकारतेस का?"

आई उठली. ती बुंध्याकडे गेली, फांदी वाकवली आणि मूठभर पाने तोडली. चुलीवर पाणी ठेवले, पाने चुरून टाकली. पाणी उकळेपर्यंत मोठा प्रोफेसर उघड्या खांद्याने, अनवाणी उन्हात उभा होता, आणि खुर्ची द्यायचे कुणाला सुचले नाही, की सुचूनही दिली नाही. आईने काढा गाळून मोठ्या पितळी पेल्यात ओतला आणि त्यांच्यासमोर धरला.

"घसा बसलाय तुमचा," ती म्हणाली. "घ्या."

प्रोफेसरांनी गुळणी करायला इकडेतिकडे जागा शोधली.

"थुंकायचं नाही. माझ्या पोराने गुळण्याच केल्या होत्या. तुम्ही प्या."

प्रोफेसरांनी पेला हातात घेतला आणि थांबले. माइकवर म्हणणे वेगळे आणि पेला तोंडाला लावणे वेगळे. अंगात जेमतेम परतलेल्या पेशी, आणि समोर हिरवट वाफाळते पाणी. त्यांचे डोळे गर्दीत फिरले आणि अराबावर येऊन थांबले. विद्यार्थी शिक्षकाकडे बघतो तसे नव्हे, पेशंट डॉक्टरकडे बघतो तसे. चालेल का, असे ते डोळे विचारत होते.

"प्या, प्रोफ," अराबा म्हणाली. "आपल्या लोकांत हे चालतं."

ते प्यायले. गरम होते, तुरट होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आईने पेल्याचा तळ दिसेपर्यंत नजर काढली नाही, आणि मग पेला परत घेतला.

"आता स्वीकारतेस?" एग्यांनी विचारले.

"नाही," आई म्हणाली. "बोलले ते गावाने ऐकलं, ते एकोला पोचलं. बाटल्या घेऊन जा. त्या घरात ठेवा आणि रोज बघा."

प्रोफेसरांनी कापड खांद्यावर घेतले. ड्रायव्हरने बाटल्या उचलल्या आणि दोघे गेले. गाडी गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंना माणसे दारात उभी होती. कुणीही हात हलवला नाही. अराबाला सात वर्षे वाटत आले होते की या दिवशी आपण हसू. पण ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली आणि मग तिने माइकची तार गुंडाळायला घेतली.

भांड्यात काढा अजून अर्धा होता. एग्या बॉचवेंनी खुर्चीतच जरा पुढे सरकून घसा खाकरला, मग पुन्हा खाकरला.

"मान्सा, माझाही घसा दोन दिवस धरलाय गं," ते म्हणाले. "उरला असेल तर दे घोटभर."

आईने भांड्याकडे पाहिले, मग कोपऱ्यातल्या बुंध्याकडे.

"झाड तुम्ही तोडलंत, एग्या," ती म्हणाली. "तुमच्यापुरती पानं नाहीत."

तिने उरलेला काढा बुंध्याच्या मुळाशी ओतला आणि भांडे घासायला घेतले.